१६ ची ३२ करू का? काम लग्नाच्या अल्बमचं आहे

शीटवाली, विटा

नमस्कार मंडळी. प्रश्न रॅमचा आहे, पण आधी काम काय ते सांगते, नाहीतर अर्धे लोक गेमिंगचं समजून उत्तर देतील.

मी घरातूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. विटा, तासगाव, आटपाडी या पट्ट्यातले फोटोग्राफर पोर्टेबल हार्डडिस्क आणून देतात. पार्टीने निवडलेल्या फोटोंच्या मी शीट लावते आणि तयार जेपीजी ते लॅबला पाठवतात. शीट १२ बाय ३६ इंची, ३०० डीपीआय. एका अल्बमला तीस-पस्तीस शीट. साखरपुडा, हळद, लग्न, वरात, सत्यनारायण असं सगळं एकाच अल्बममध्ये कोंबायचं असेल तर त्याहून जास्त. तुळशीचं लग्न लागलं की पुढे जूनपर्यंत मान वर करायला सवड नसते. एकदा आषाढ लागला की काम थांबतं, आणि बाकी पैसे मागायला फोन केला तर फोटोग्राफरांचे फोनही थांबतात. असो.

मशीन असं आहे: आय-५ १०४००, एच-४१० चा बोर्ड, डीडीआर-४ रॅम ८ आणि ८ मिळून १६ जीबी. विंडोज आणि फोटोशॉप २४० जीबीच्या एसएसडीवर. आत एक टीबीची साधी हार्डडिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

त्रास काय होतो तर, शीटवर दहा-बारा फोटो चढले, मागे टेम्प्लेटचं बॅकग्राउंड आणि चार फुलांचे पीएनजी आले की मशीन जड होतं. सेव्ह दिलं की मी उठून कुकर लावून येते. चार-पाच शीट एकदम उघड्या असल्या तर एकीवरून दुसरीवर जातानाही गोल फिरत बसतं. सासूबाईंचं मत असं की कॉम्प्युटर उन्हानं दमतो, म्हणून त्यांनी कॅबिनेटशेजारी टेबलफॅन आणून ठेवलाय. फरक काही पडत नाही, पण तो फॅन हलवायची माझी हिंमत नाही.

दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "३२ टाका ताई, पळायला लागेल." मी म्हटलं, माझ्या मशीनला नेमकं काय कमी पडतंय ते तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, "१६ आजकाल कुणाला पुरतेय?" आता याला उत्तर म्हणायचं का? बोर्डावर स्लॉट दोनच आणि दोन्ही भरलेले, म्हणजे चांगल्या चालत्या ८-८ च्या काढून १६-१६ च्या घ्यायच्या. त्यात त्याने सांगितलेला भाव ऐकला आणि मी नुसती "घरी विचारून सांगते" म्हणून बाहेर पडले. घरी विचारायचं काही नव्हतं, मशीन माझं, पैसे माझे. पण भाव तसा होता.

आणखी एक गोष्ट आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या व्हिडिओ पत्रिका हल्ली खूप जण मागतात. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरच्या तयार टेम्प्लेटमध्ये नावं आणि फोटो बदलून द्यायचे, अर्धा मिनिट लांबीच्या. ते काम सुरू करायचं मनात आहे.

तर कुठल्या कंपनीची रॅम घेऊ असं विचारत नाहीये. रॅम खरंच कमी पडतेय का, हे माझं मला कसं ओळखता येईल ते सांगा.


फुल्लटॉवर, पुणे

सरळ ६४ करा ताई. ब्लेंडर, क्रोमचे शंभर टॅब, वर गाणी, माझं सगळं एकदम चालतं. रॅम कधी वाया जात नाही.


जुना ऑपरेटर, सोलापूर

फुल्लटॉवर, तुमचं खरं आहे, फक्त पैसे ताईंचे आहेत.

ताई, मी फ्लेक्सच्या दुकानात उभं आयुष्य काढलंय. २० फूट बाय १० फूट वाढदिवसाचा फ्लेक्स ७२ डीपीआयला काढला तर १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, त्याचा नुसता एक थर ६०० एमबीच्या घरात जातो. त्यावर साहेबांचा फोटो, दादांचा फोटो, मागे वाघ नाहीतर घोडा, आणि खाली शुभेच्छुकांची तीस गोल मुंडकी. हे सगळं आम्ही ४ जीबीच्या मशीनवर काढायचो. माप अर्ध्यावर आणून डिझाइन करायचं आणि छापताना दुप्पट करायचं. माप निम्मं केलं की पिक्सेल पावपट होतात. चौकातून जाणाऱ्या माणसाला त्यात काही फरक दिसत नाही. अल्बमला हे चालणार नाही, तो लोक डोळ्याला लावून बघतात. पण मेमरी कुठे जाते त्याचा हिशोब कागदावर मांडता येतो, एवढं यावरून लक्षात घ्या.

तुमची शीट ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलची. म्हणजे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा मिळून ३ बाइट. फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात १११.२ एम असा आकडा दिसत असेल, तो हाच. तिरकी रेघ मारून पुढे जो दुसरा आकडा असतो तो लेयरसकटचा. शीटभर पसरलेला प्रत्येक लेयर म्हणजे आणखी शंभरावर एमबी. लहान फोटोचा लेयर तेवढ्या जागेपुरताच धरला जातो. पण तुम्ही फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ओढून टाकत असाल, तर २४ मेगापिक्सेलचा अख्खा मूळ फोटो त्या फाइलच्या पोटात जाऊन बसतो, शीटवर तो पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत असला तरी. आणि फाइल १६ बिटची असेल तर हे सगळे आकडे दुप्पट धरा. लॅबला शेवटी ८ बिटचीच जेपीजी जाते, त्यामुळे शीट १६ बिटमध्ये लावण्यात अर्थ नाही.

आता ओळखायचं कसं. त्याच डाव्या कोपऱ्यातल्या आकड्याशेजारी बाण आहे. तो दाबून यादीतून एफिशियन्सी निवडा. १०० टक्के दिसत असेल तोवर सगळं काम रॅममध्ये होतंय. त्याखाली उतरलं की फोटोशॉपला रॅम पुरेना झाली आणि ते स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे तुमच्या एसएसडीवर किंवा हार्डडिस्कवर, सामान टाकतंय. क्षणभर ९७-९८ झालं म्हणून बिघडत नाही. तासन् तास ८० च्या खाली बसत असेल तर दुकानदार बरोबर आहे.

दुसरं म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. तिथे "इन यूज" ९० टक्के दिसलं की लोक घाबरतात. घाबरू नका. फोटोशॉपला मोकळ्या मेमरीतला ७० टक्के हिस्सा घ्यायची मुभा मुळातूनच दिलेली असते, आणि एकदा घेतलेली मेमरी ते बंद होईपर्यंत सहसा सोडत नाही. तुम्ही "कमिटेड" बघा, म्हणजे चालू प्रोग्रामांना कबूल केलेली एकूण मेमरी. तो आकडा १६ च्या बराच वर गेलाय आणि त्याच वेळी सी ड्राइव्ह धापा टाकतोय, असं दोन्ही एकदम दिसलं तर रॅम कमी.

आणि तिसरं, जे दुकानदाराने विचारायला हवं होतं: फाइल नेमकी कुठे ठेवून काम करता? सेव्ह होताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू किती आणि डिस्क किती दाखवतो? तेवढं बघून या, मग बोलू. तोवर एक रुपया खर्च करू नका.


शीटवाली

दादा, सगळं बघितलं. वहीत लिहूनच ठेवलं.

एकच शीट उघडी, बाकी सगळं बंद: एफिशियन्सी १०० टक्के, मेमरी इन यूज दहाच्या आसपास. कोपऱ्यात १११.२ एम आणि तिरक्या रेघेपुढे १.३४ जी. लेयर चाळिसावर असतील. या अवस्थेत फोटो हलवणं, मास्क करणं, रंग जुळवणं सगळं ठीक चालतं.

पाच शीट उघड्या, शिवाय क्रोममध्ये व्हॉट्सअॅप आणि फोटोग्राफरची ड्राइव्हची लिंक: एफिशियन्सी ८३. कमिटेड २१ च्या वर. सी ड्राइव्ह शंभर टक्क्यांवर जाऊन परत खाली येतो. सी मध्ये मोकळी जागा १९ जीबी राहिलीय.

सेव्ह करताना मात्र गंमत वाटली. सीपीयू जेमतेम दहा-बारा टक्के. मेमरी हलत नाही. एफिशियन्सी १००. म्हणजे मशीन रिकामंच बसलंय, आणि मी वाट बघतेय!

फाइल कुठे, तर फोटोग्राफरच्याच पोर्टेबल डिस्कवर. आतली एक टीबी जुन्या अल्बमांनी भरलीय. पार्टी दोन वर्षांनी येऊन "आईचा फोटो मोठा करून द्या" म्हणते, त्यामुळे जुनं पुसता येत नाही. डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावते, मागे वाकायला नको म्हणून.


जुना ऑपरेटर, सोलापूर

पुढच्या पोर्टच्या आतली पट्टी काळी आहे की निळी?


शीटवाली

काळी.


जुना ऑपरेटर, सोलापूर

मग निम्मं दुखणं तिथंच सापडलं. काळी पट्टी बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते. त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच जातात. दीड जीबीची पीएसडी, म्हणजे तुमची लेयरसकटची फोटोशॉप फाइल, त्यातून उतरायला पाऊण मिनिट लागणारच. तुम्ही ६४ काय, १२८ जीबी टाकली असती तरी त्या पोर्टला त्याची खबरबात लागली नसती. आजच डिस्क मागच्या निळ्या पोर्टला लावून बघा. फुकटातला इलाज आहे. पोर्टेबल डिस्कही शेवटी फिरणारीच असते, त्यामुळे वाऱ्याच्या वेगाने वगैरे होणार नाही, पण कुकर लावण्याएवढा वेळ जाणार नाही.

सीपीयू दहा-बारा टक्के दिसतो त्याचंही कारण आहे. तुमच्या १०४०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड. एक थ्रेड पूर्ण भरला तर टास्क मॅनेजर साधारण ८ टक्के दाखवणार. पीएसडी सेव्ह करताना फोटोशॉप फाइल दाबून लहान करतं, आणि त्या दाबण्याचा भार बहुतेक एकाच कोअरवर पडतो. बाकीचे पाच बघत उभे. प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंग म्हणून भाग आहे, तिथे पीएसडी आणि पीएसबीचं कॉम्प्रेशन बंद करायची खूण मिळेल. ती केली की हा वेळ वाचतो, पण फाइल चांगलीच फुगते. म्हणून आत्ता करू नका. हार्डडिस्कवर फुगलेली फाइल लिहायलाच वेळ जाईल. वेगवान डिस्क आली की मग करा.

आता तुमच्या वहीतलं मधलं पान, म्हणजे पाच शीट आणि ८३ टक्के. इथे रॅम कमी पडतेय, हे मान्य. प्रश्न असा की पाच पीएसडी एकदम उघड्या लागतात कशाला?


शीटवाली

हळदीच्या शीटचा पिवळा पुढच्या शीटला जुळला पाहिजे ना. एका शीटवर लिंबू आणि दुसरीवर केशर असं झालं की पार्टी लॅबला नाही, मला बोलते. शिवाय एकच फोटो दोन शीटवर गेला की काय ते बघायला. मागच्या सराईत एका अल्बममध्ये नवरदेवाच्या मामांचा एकच फोटो तीनदा आला होता. मामा खूश होते, बाकी कुणी नाही.


जुना ऑपरेटर, सोलापूर

मामांचं सोडा. झालेली शीट १,८०० पिक्सेल रुंदीची जेपीजी काढून ठेवा आणि तीच शेजारी उघडी ठेवा. १,८०० बाय ५४० म्हणजे मेमरीत तीन एमबीसुद्धा नाही. रंग जुळवायला आणि फोटो परत आला का बघायला तेवढी पुरे. एडिट, पर्ज, ऑल ही आज्ञा अधूनमधून द्या, जुन्या पायऱ्यांची मेमरी मोकळी होते. मात्र त्यानंतर मागे जाता येत नाही, हे लक्षात ठेवूनच द्या. हिस्टरी मुळात ५० पायऱ्यांची असते. तुमच्या कामाला २० पुरतात.

आणि सी मध्ये १९ जीबी ही मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट. स्क्रॅच तिथंच, रॅम भरली की विंडोज जिथे सामान टाकतं ती पेजफाइल तिथंच, डाउनलोड केलेली लिंकही तिथंच उतरत असणार. भरत आलेली एसएसडी तशीही मंदावते. तुमच्या पैशांची पहिली गरज डिस्कची आहे. एका चालू अल्बमच्या पस्तीस शीट गुणिले १.४ जीबी म्हणजे पन्नासेक जीबी. ५०० ची एसएसडी घेतली तर चार-पाच अल्बम एका वेळी त्यावर मावतात आणि स्क्रॅचलाही जागा उरते. काम तिथे करा, झालं की फोटोग्राफरच्या डिस्कवर उतरवून द्या.


रेंडरबुवा, कुडाळ

ऑपरेटरकाकांचं अल्बमपुरतं शंभर टक्के मान्य. पण ताईंनी व्हिडिओ पत्रिकेचं विचारलं, ते सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. तिथे हिशोब वेगळा आहे.

फोटोशॉपला अडोबी किमान ८ आणि शिफारस १६ सांगते. आफ्टर इफेक्ट्सला किमानच १६ सांगते आणि शिफारस ३२. ते उगाच नाही. प्रिव्ह्यू दाखवण्यासाठी आफ्टर इफेक्ट्स प्रत्येक फ्रेम तयार करून मेमरीत मांडून ठेवतं. उभ्या पत्रिकेची एक फ्रेम १,०८० बाय १,९२० ची, चार चॅनल, म्हणजे ८.३ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २०७ एमबी. तुमचं अर्ध्या मिनिटाचं निमंत्रण म्हणजे ६.२ जीबी नुसत्या फ्रेम. ही ८ बिटची गोष्ट झाली, टेम्प्लेटवाल्याने प्रोजेक्ट १६ बिटवर ठेवला असेल तर १२ च्या वर. विंडोज, क्रोम आणि शेजारी उघडा फोटोशॉप वेगळाच. शिवाय तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही त्याच १६ मधून आपला वाटा उचलणार.

टाइमलाइनच्या वर पट्टी उमटते ती बघायची. हिरवी म्हणजे फ्रेम रॅममध्ये तयार आहे. निळी म्हणजे डिस्कवरच्या कॅशमध्ये. मी गणपतीच्या आरतीचे आणि दशावताराच्या जाहिरातीचे व्हिडिओ करतो. १६ वर असताना हिरवी पट्टी पुढे सरकायची आणि मागची पुसत जायची. काम होतं, नाही असं नाही, पण गाण्याच्या ठेक्यावर अक्षरं बसवायची असतात तेव्हा अख्खं कडवं एका दमात ऐकता आणि बघता आलं पाहिजे. ३२ झाल्यावर ते जमायला लागलं.


जुना ऑपरेटर, सोलापूर

बुवा, प्रिव्ह्यू हाफवर ठेवला तर?


रेंडरबुवा, कुडाळ

तुमचंच गणित. रेझोल्यूशन हाफ केलं की मेमरी पावपट. ६.२ चे दीड जीबी होतात. अक्षरं थोडी दातेरी दिसतात, पण ठेका बसवायला चालतं. शेवटी एकदा फुलवर बघून घ्यायचं. तयार टेम्प्लेटमध्ये फक्त नावं बदलायची असतील तर १६ वर ताई निभावून नेतील. स्वतः अॅनिमेशन करायला लागल्या की मात्र हाफवर कंटाळा येतो. मी तर म्हणेन, पत्रिकेचं काम नक्की येणार असेल तर रॅम आजच घ्या, भाव उद्या कुठे जातील सांगता येत नाही.


चिपवाला, मुंबई

भावाचा विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात माझं येणं-जाणं असतं. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत भाव जे उसळले ते कुठल्या दुकानदाराच्या मनावर नव्हतं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागतेय आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्यात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीच्या चिपाही याच कारखानदारांकडून येतात, त्यामुळे त्यांचे भावही चढलेत. थांबलं की स्वस्त मिळेल, हा जुना हिशोब सध्या धरू नका. पण भाव वाढतोय म्हणून नको असलेली वस्तू उचलायची, हेही मला पटत नाही, बुवा.

ताई, दोन्ही ८ काढायची गरज नाही. एक ८ काढा आणि तिच्या जागी एकच १६ ची बसवा. ८ आणि १६ मिळून २४ होतात. लोक म्हणतात जोडी सारखीच पाहिजे. सारखी असली तर उत्तम, पण वेगळी असली तरी इंटेलच्या बोर्डावर दोन्हींतले ८-८ ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे जोडीने जास्त वेगात, चालतात आणि वरचे ८ सिंगलमध्ये. खर्च निम्मा. पुढे कधी हवं झालं तर दुसरी ८ काढून आणखी एक १६ टाकता येते, पहिले पैसे बुडत नाहीत.

३२०० मेगाहर्ट्झची म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. तुमचा आय-५ एच-४१० वर २६६६ नेच चालवणार, वर लेबल काहीही असो. आणि डीडीआर-५ चुकूनही आणू नका. खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही.

सेकंडहँड डीडीआर-४ भरपूर फिरतेय. ऑफिसांचे जुने डबे मोडतात त्यातली. घेतली तर मेमटेस्ट-८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. सकाळी एकसुद्धा एरर दिसली तर परत करा. खराब रॅमने मशीन बंद पडलं तर एक वेळ परवडतं, पण ती गुपचूप पीएसडी बिघडवते, आणि ते कळतं ते फाइल उघडेना झाल्यावर. परत करायची बोली आधी करून मगच घ्या.


फुल्लटॉवर, पुणे

एवढं वाचून मीही माझी कमिटेड मेमरी बघितली. ६४ पैकी १९.


जुना ऑपरेटर, सोलापूर

उरलेली सोलापूरला पाठवा.


शीटवाली

मंडळी, आधी फुकटातलं केलं. डिस्क मागच्या निळ्या पोर्टला लावली, फरक लगेच कळला. पोरीला टेबलाखाली घुसवून केबल जोडून घेतली आणि एक्स्टेंशनची वायर वर बांधून ठेवली, आता रोज वाकायला नको. झालेल्या शीटच्या छोट्या जेपीजी शेजारी ठेवून काम करतेय. एफिशियन्सी १०० वरून हललेली नाही. दोन शीट उघड्या असतानाही नाही.

तेव्हा ठरवलं ते असं. या सराईत ५०० ची एसएसडी घेणार आणि रॅमला हात लावणार नाही. व्हिडिओ पत्रिकेची दोन कामं आलीत, दोन्ही टेम्प्लेटचीच. ती १६ वर हाफ प्रिव्ह्यू ठेवून करते. बुवा, फुलवर ठेवून तुमची हिरवी पट्टी बघितली, साधारण वीस-बावीस सेकंदांपर्यंत जाते आणि मग मागून पुसायला लागते. क्रोम बंद केलं की अजून थोडी पुढे जाते. आमची पार्टी अजून ठेक्याबिक्याकडे बघत नाही, नाव मोठं दिसलं पाहिजे आणि आजोबांचं नाव सुटता कामा नये, एवढंच. ते काम वाढलं, आणि आषाढात माझ्याकडे सवड आणि थोडे पैसे दोन्ही उरले, तर चिपवाल्या दादांची २४ ची युक्ती. तोवर भाव चढला तर चढला. आत्ता घेऊन ती रॅम माझ्या अल्बमात काही करणार नाहीये, हे मी वहीतल्या आकड्यांवरून बघितलंय.

दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "एसएसडी पण आहे माझ्याकडे." धंदा आहे बिचाऱ्याचा.

एक शेवटचं विचारते. एसएसडी पाठीमागे यूएसबीला लावायची घेऊ की आत बसवायची?


चिपवाला, मुंबई

आत. बोर्डावर एम.टू ची लांबट खाच आहे का आधी बघा, एच-४१० च्या काही बोर्डांवर असते. असेल तर एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान जातीची एसएसडी घ्या, च्युइंगगमच्या पट्टीएवढी येते, वायर लागत नाही. मात्र बोर्डाचं मॉडेल नंबर बघून खात्री करून घ्या, काही खाचांत फक्त साटाची, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचीच चालते. खाच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी. तिच्या डब्यात सहसा केबल नसते, साटाची डेटा केबल वेगळी मागून घ्या. आणि तुमच्या पॉवर सप्लायला साटाचं एक जादा तोंड मोकळं आहे का ते घरूनच बघून जा.


जुना ऑपरेटर, सोलापूर

बसवल्यावर फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्कच्या यादीत नवी एसएसडी सगळ्यांत वर घ्या आणि सी ची खूण काढा. ते आपोआप होत नाही. मग कॉम्प्रेशन बंद करायची ती खूण करून सेव्हला किती वेळ लागतो ते इथे लिहा. आमच्याकडेही दोन पोरं अल्बमचं काम करतात, त्यांना दाखवायचंय.